चहा चांगला करता हो, पण वादळात करता येतो का?



"सर, चहाचा धंदा टाकायचाय, कुठली फ्रँचायझी घेऊ?" कोल्हापुरात दर बॅचला हा प्रश्न येतोच. माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. मी म्हणतो, बोर्डाचं नंतर बघू. आधी हे सांगा, धो-धो पाऊस आहे, लाईट गेलीय, हाताखालचा माणूस आला नाही, दूध उशिरा आलंय. त्या दिवशी तुमचा चहा वेळेवर पोचेल का?

आज यासाठी समुद्रावरचं उदाहरण घेऊ. 10 सप्टेंबर 2017 ला 'आयएनएसव्ही तारिणी' ही आपल्या नौदलाची शिडाची बोट गोव्यातून जगप्रदक्षिणेला निघाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्यासोबत पाच महिला अधिकारी. 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला सगळ्या सुखरूप परत आल्या. बोट गोव्यातच बांधलेली, लांबी जेमतेम 55 फूट.

दक्षिणेकडच्या समुद्रात थंडी हाडापर्यंत जाते. रात्रीची पाळी संपवून भिजून आत आलेल्या माणसाला गरम कप मिळणं ही तिथं चैन नसते. बोटं आखडली की दोर धरता येत नाही. पण चहा करायचा कसा? पायाखालची फळीच कलंडतेय! म्हणून लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटींवर काही पद्धती ठरून गेल्यात. त्यातल्या तीन बघा.

एक. स्टोव्ह पाळण्यासारखा झुलता असतो. बोट कलली तरी भांडं सपाट राहतं, वर भांड्याला दोन्ही बाजूंनी पकड असते. म्हणजे वादळ थांबायची वाट बघायची नाही, मांडणीच वादळासाठी करायची.

दोन. कप काठोकाठ भरायचा नाही आणि हातात धरून त्यात ओतायचं नाही. कप सिंकमध्ये ठेवून ओतायचं. सांडलं तर सिंकमध्ये सांडेल, हात भाजणार नाही. चूक होणारच, ती कुठं पडावी हे आधीच ठरवलेलं!

तीन. हवा बिघडायच्या आधीच थर्मास भरून ठेवायचे. ताज्या दुधाच्या जागी दूध पावडर. आणि काम झालं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो.

आता माझी गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या काळात मी उद्यमनगरात वर्कशॉपना चहा पुरवायचो. एका ठिकाणी दिवसातून दोन वेळा 40-40 कप जायचे. चहा फक्कड, तक्रार एक नाही. जुलैत एके दिवशी माझा माणूस आला नाही आणि सिलिंडर संपला. दुसरा भरलेला नव्हता. चहा पोचला दीड तास उशिरा, तोवर कामगारांची सुट्टी संपलेली. दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर बंद. आजच्या दहा रुपयांच्या भावानं हिशोब करा, 80 कप म्हणजे दिवसाला 800, महिन्याच्या 25 दिवसांचे 20,000 रुपये. एका सिलिंडरपायी! चूक शंभर टक्के माझी होती.

फ्रँचायझी वाईट असं मी म्हणत नाही. नावामुळं गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं, ते खरंच. पण दुसऱ्यांदा येतं ते तुमच्या भरवशावर. आणि आपल्या भागात वादळ लांब नसतं. 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर आठवा, हायवेसुद्धा बंद पडला होता.

मग करायचं काय? भरलेला जादा सिलिंडर, दूध पावडरीचा डबा आणि दोन मोठे थर्मास, एवढं पहिल्या दिवसापासून दुकानात पाहिजे. आणि कृती भिंतीवर लिहून लावा. गुळाचा चहा घ्या. उकळत्या दुधात गूळ टाकला की चहा फाटायची भीती असते, म्हणून गॅस बंद करून गूळ शेवटी घालायचा. हे फक्त तुमच्या डोक्यात असेल, तर तुम्ही आजारी पडलात की धंदाही आजारी. भिंतीवर असेल, तर नवा माणूसही चहा बिघडवणार नाही.

शेवटी एक गृहपाठ. कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी एका रविवारी घरी परीक्षा घ्या. एकच शेगडी, मदतीला कोणी नाही, ताजं दूध नाही. 40 कप चहा अर्ध्या तासात, एकाच चवीचा. जमलं तर बिनधास्त पुढं जा. नाही जमलं तरी बरंच झालं, फक्त एक रविवार गेला. कर्ज काढल्यावर कळलं असतं, तर फार महागात पडलं असतं.

परीक्षा दिलीत की कमेंटमध्ये सांगा, कुठं अडकलात. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.