कातळाशी पहिली ओळख

पाऊस सरला की पावलं गडवाटांकडे वळतात. मळलेली वाट सोडून कातळाला हात घालण्याची ओढही अनेकांना लागली आहे. म्हणूनच हा अंक आम्ही कातळटप्पे चढण्याच्या पहिल्या धड्यांना वाहिला आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतून सह्याद्री घडला. कठीण थरांचे कडे उभे राहिले, मऊ थर झिजत गेले. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेत म्हणूनच धोंडे, घसारा आणि कातळ एकामागून एक भेटतात. तिथे धाडसापेक्षा सवयी कामी येतात. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले असावेत, पकड चाचपूनच भार द्यावा, डोक्यावर हेल्मेट हवंच. उतरणं बहुधा चढण्याहून अवघड असतं, हे वर जाण्याआधीच ध्यानात घ्यावं.

जाणत्यांसोबत, कोरड्या कातळावर, बेताच्या उंचीवर सुरुवात कशी करावी, दोर कधी लावावा आणि माघारी कधी फिरावं, यांवर या अंकातल्या लेखांचा भर आहे. तुम्ही पहिला कातळटप्पा कुठे चढलात, कोणाकडून शिकलात? आम्हाला जरूर लिहा. नवख्यांना तुमचा अनुभव मोलाचा ठरेल.