नोंदवही आहे, घंटा नाही

जांबोटीच्या तिठ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तीन राज्ये एकाच टापूत नांदताना दिसतात. एक रस्ता बेळगावला जातो, एक खानापूरला, आणि तिसरा कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून केरी-सांखळीच्या बाजूने आपल्या गोमंतकात शिरतो. चंदगडची, म्हणजे महाराष्ट्राची, हद्दही फार दूर नाही. भोवती दाट रान आहे. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा हब्बनहट्टीच्या मारुतीला वळसा घालून पूर्वेकडे जाते, तर भीमगडच्या रानात जन्मलेली म्हादई पश्चिमेची वाट धरून आपल्याकडे येते. पावसाळ्यात तर येथील प्रत्येक ओहोळ नदीचा आव आणतो. या मुलखाच्या सृष्टिसौंदर्याचे गोडवे गाण्यासाठी मात्र आम्ही आज लेखणी हाती घेतलेली नाही.

समजा, अशा ठिकाणी आठ-नऊ वर्षांचे एक मूल भर दुपारी घराबाहेर पडले. ते बोलत नाही. नावाने हाक मारली तर ओ देत नाही. अनोळखी माणूस जवळ आला की झुडपामागे दडून बसते. त्याला कोणी पळवलेले नाही. ते आपल्या पायांनी, आपल्याच कोणत्या तरी ओढीने निघाले आहे. आई शेजारीपाजारी विचारते, बाप विहिरीत डोकावतो, देवळाच्या भोंग्यावरून कोणी ओरडून सांगतो, आणि दोन तास गेल्यावर कोणीतरी म्हणतो, ‘पोलिसांत चला.’ पुढे काय होते? तक्रार लिहून घेतली जाते, फोटो मागितला जातो, वर्णन टिपले जाते. हे सारे आवश्यक आहे यात वाद नाही. परंतु त्याच क्षणी कणकुंबीच्या चहावाल्याला, घाटातल्या बसचालकाला, नदीकाठच्या गुराख्याला ही वार्ता कोण देणार? आजच्या व्यवस्थेत या प्रश्नाला उत्तर नाही.

ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात त्याला मराठीने ‘स्वमग्नता’ हा शब्द दिला. शब्द सुरेख आहे. किंबहुना नको तितका सुरेख आहे. स्वमग्न म्हटले की एखादा ध्यानस्थ योगी डोळ्यांपुढे येतो आणि मूल एका जागी शांत बसून असेल असा समज होतो. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. अमेरिकेतील बाराशेहून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांकडून मिळालेली माहिती २०१२ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी घरातून वा शाळेतून निघून जाण्याचा प्रयत्न केलेल्या मुलांचे प्रमाण तीत ४९ टक्के होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता राहिली होती. आणि या बेपत्ता मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बुडता बुडता वाचला होता. पाण्याची ओढ हा या मुलांपैकी अनेकांचा विशेष आहे. पोहता येवो वा न येवो, पाणी दिसले की पाय तिकडे वळतात.

हे अमेरिकेतले, आपल्याकडे अशी मुले किती, असे कोणी विचारील. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमधील मेंदूच्या वाढीशी निगडित दोष पाच ठिकाणी तपासण्यात आले होते, आणि त्या पाचांत उत्तर गोवा हा आपला जिल्हा होता. स्वमग्नतेचे प्रमाण शंभर मुलांमागे सुमारे एक निघाले. म्हणजे मध्यम आकाराच्या प्रत्येक गावात असे एक तरी घर आहे, की जेथे दाराची कडी उंचावर बसवलेली असते आणि आईला रात्री गाढ झोप म्हणून लागत नाही. काही घरांत याहून कठोर उपाय चालतात, मुलाला खांबाला बांधून ठेवतात. त्याबद्दल आईबापांना दूषणे देणे सोपे आहे. ते मूल बाहेर गेले तर त्याला शोधायला गाव धावून येईल, हा भरवसा त्यांना कोणी दिला आहे?

४ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील शाळेतून चौदा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा बाहेर पळाला. त्याला बोलता येत नव्हते. आईला कळवण्यात शाळेने मोलाचा वेळ दवडला. पुढे शोधात कसर राहिली नाही. मुलाला आगगाड्यांचे वेड म्हणून भुयारी रेल्वेचा मार्ग पिंजून काढला, आईच्या आवाजातली हाक मुद्रित करून ती पोलीस गाड्यांवरून रस्तोरस्ती ऐकवली. जानेवारी २०१४ मध्ये देहाचे अवशेष ईस्ट नदीत सापडले. ती नदी शाळेच्या समोरूनच वाहते. या मुलाचे, आणि त्यापूर्वी आयोवा राज्यातील नदीत बुडालेल्या नऊ वर्षांच्या दुसऱ्या एका मुलाचे नाव अमेरिकेने २०१८ साली एका कायद्याला दिले. पोलीस व शाळा यांच्या प्रशिक्षणासाठी आणि पालकांना हवे असल्यास मुलाच्या अंगावर शोधयंत्र बसवण्यासाठी त्या कायद्यान्वये पैसा मिळतो.

परंतु त्याच देशात हरवलेल्या मुलांसाठी सूचनांची जगप्रसिद्ध यंत्रणा होतीच की. १९९६ साली टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे नऊ वर्षांच्या एका मुलीला पळवून नेऊन ठार मारण्यात आले. तिच्या नावावरून ‘अंबर अ‍ॅलर्ट’ निघाला. रेडिओ, दूरचित्रवाणी, हमरस्त्यांवरील फलक आणि पुढे खिशातले फोन, सर्वांवर एकाच वेळी सूचना झळकते. तथापि तिची पहिली अट अशी, की मुलाचे अपहरण झाले आहे असे मानण्यास सबळ कारण हवे. मूल स्वतःच्या पायांनी गेले असेल तर घंटा वाजत नाही! चोर नाही म्हणून धोकाही नाही, असा हा अजब न्याय. अपहरणाच्या व्याख्येत न बसणाऱ्या, तरीही संकटात असलेल्या बेपत्ता माणसांसाठी स्वतंत्र सूचना-संकेत मंजूर व्हायला त्या देशात २०२४ साल उजाडावे लागले.

आपल्याकडची स्थिती निराळी असली, तरी तिच्या मुळाशी हाच दृष्टिदोष आहे. १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असावा असे गृहीत धरून तपास केला पाहिजे. ‘येईल परत, दोन दिवस वाट बघा’ असे सांगून गरिबाला ठाण्यातून परत पाठवण्याच्या वृत्तीला या निकालाने लगाम घातला, याबद्दल न्यायालयाचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण अपहरण गृहीत धरले की नजर रेल्वे स्थानकाकडे, मोटारीच्या क्रमांकाकडे, संशयिताकडे वळते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत पहिला तास विहिरी, तळी, ओहोळ आणि रस्त्याच्या कडा पाहण्यात गेला पाहिजे. गुन्ह्याचा तपास आणि मुलाचा शोध ही दोन कामे आहेत. ती एकाच शिपायाच्या गळ्यात बांधून चालणार नाही.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. ‘ट्रॅकचाइल्ड’ झाले, २०१५ साली ‘खोया-पाया’ झाले, १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे, आणि तेलंगण पोलिसांनी २०१८ साली चेहरा जुळवून पाहणारे ‘दर्पण’ काढले. यांनी हरवलेली मुले घरी पोचवली आहेत. पण या बहुतेक साऱ्या नोंदवह्या आहेत. एके ठिकाणी हरवलेले आणि दुसरीकडे बालगृहात सापडलेले मूल एकच आहे, हे जुळवण्याचे काम त्या करतात. त्यांचा हिशेब महिन्यांचा आणि वर्षांचा असतो. मुंबईतील अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे साहाय्यक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांची कहाणी मराठी वाचकांना ठाऊक असेल. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात १६६ मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली, १६५ सापडल्या. उरलेल्या एकीचे छायाचित्र हा गृहस्थ निवृत्त झाल्यावरही खिशात बाळगून होता. २०१३ साली हरवलेली ती मुलगी २०२२ साली, नऊ वर्षांनी, आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या वस्तीत सापडली. आपली कथा ती दुसऱ्याला सांगू शकली आणि जुन्या शोधपत्रकावरचा एक फोन अजून चालू होता, म्हणून ती सापडली. या निष्ठेपुढे आम्ही मान लववतो. परंतु ज्याला आपले नावच सांगता येत नाही, ते मूल नऊ वर्षांनी कोणाला काय सांगेल? आणि नदीकडे चाललेल्या मुलाजवळ नऊ वर्षे नसतात. बहुधा नऊ तासही नसतात.

या व्यवस्थेला घंटा हवी आहे, आणि ती नव्याने ओतावी लागणार नाही. वादळाची, विजांची, अतिवृष्टीची सूचना आज आपल्या फोनवर येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ती ठरावीक भागापुरती धाडता येते. फोन मोठ्याने खणखणवणाऱ्या प्रसारणाच्या चाचण्या २०२३ साली देशभर झाल्या. त्या दिवशी कचेऱ्याकचेऱ्यांतून माणसे कशी दचकली होती हे वाचकांना आठवत असेल. त्या प्रसारणाला कोणाचा क्रमांक माहीत असावा लागत नाही. निवडलेल्या मनोऱ्यांच्या टापूत जेवढे फोन चालू असतील तेवढ्यांवर संदेश उमटतो. जे यंत्र आभाळातील विजेची वर्दी देते, ते वाट चुकलेल्या मुलाची का देऊ नये? अडचण यंत्राची नाही. ते कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वेळात चालवावे याचा लेखी हुकूम नाही, ही अडचण आहे.

जांबोटीसारख्या ठिकाणी ती दुप्पट होते. मूल घाटाकडे चालू लागले तर पायाखालचे राज्य बदलते. पोलीस बदलतात, आपत्कालीन कक्ष बदलतो. फोनच्या कारभारात गोवा महाराष्ट्राच्या मंडळात, तर जांबोटी कर्नाटकाच्या. घरात मराठी, पाटीवर कानडी, घाटाखाली कोंकणी. सीमाप्रश्नावर आमचे मत लपलेले नाही आणि तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; पण त्याच्या निकालासाठी हे मूल थांबणार नाही. हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. हद्द ओलांडणारी नोंद जर कायद्याला मान्य आहे, तर हद्द ओलांडणारी हाक का असू नये? गोवामुक्तीच्या लढ्यात बेळगाव हे गोमंतकीय कार्यकर्त्यांचे ठाणे होते. परकीयांचे पहारे असताना येथले निरोप तिकडे पोचत होते. आज सीमेवर सर्वत्र आपलेच शिपाई असताना ते पोचू नयेत, हे त्या पिढीला सांगायला लाज वाटावी.

घाटातल्या आणि रानातल्या कित्येक जागी फोनला रेंजच नसते, हे आम्ही विसरलेलो नाही. तेथे जुनीच साधने कामी येतील: देवळाचा भोंगा, ग्रामपंचायतीचा शिपाई, वनरक्षक, दुधाची गाडी, कर्नाटकाची एस.टी. आणि आमची कदंब. संदेश चालक-वाहकापर्यंत पोचला की तो घाटाच्या दोन्ही टोकांना आपोआप पोचतो.

एका धोक्याचा उच्चार मात्र केलाच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. त्या अफवा फोनवरूनच पसरल्या होत्या. ‘मूल हरवले’ या दोन शब्दांत सबंध गाव पेटवण्याची शक्ती आहे. म्हणून ही सूचना एकाच अधिकृत मुखातून निघाली पाहिजे आणि तिच्यात पहिल्याच ओळीत म्हटले पाहिजे, की मूल आपणहून निघून गेले आहे, कोणावर संशय नाही. त्यापुढे काय करायचे तेही हवे: आधी पाणी पाहा, ओरडू नका, घोळका करू नका, मुलाला धरू नका, जवळ बसून राहा आणि या क्रमांकावर कळवा. कोणत्या नावाला मूल प्रतिसाद देते, कशाला भिते, त्याला काय आवडते, ही माहिती पालकांनी स्वेच्छेने आधीच ठाण्यात देऊन ठेवली असेल तर संदेश पाच मिनिटांत तयार होतो. सक्तीची यादी करण्यास आमचा विरोध आहे. अशा याद्यांचे पुढे काय होते हे आपण जाणतो.

कोणतेही मूल तासभर दिसेनासे झाले की घंटा वाजवू लागलो, तर महिन्याभरात लोक ती ऐकेनासे होतील. ती जपून वापरावी लागेल. ज्याला आपला धोका कळत नाही आणि आपले नाव सांगता येत नाही, त्याच्यासाठी ती राखून ठेवावी. ठाणेदाराने मागणी करावी आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांनी पाव तासात होकार वा नकार द्यावा. बेळगाव, कोल्हापूर आणि उत्तर गोवा या तीन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एका टेबलाभोवती बसून हा एक पानाचा हुकूम लिहावा, आणि त्याची पहिली चाचणी जांबोटी ते केरी या पट्ट्यात घ्यावी. दिव्यांगांसाठी २०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल महोत्सवाचा पायंडा पाडणाऱ्या गोवा सरकारने या बैठकीचे निमंत्रण धाडावे.

त्याच हुकुमात आणखी एक कलम असावे. मूल सापडताच त्याच फोनांवर मराठी, कानडी आणि कोंकणी या तिन्ही भाषांत दुसरा संदेश गेला पाहिजे: मूल घरी पोचले, त्याचा फोटो आपल्या फोनमधून पुसून टाका.