नोटीस पिरियड दोन्हीकडून वाचलात का?

डिग्री हातात पडली की अनेकांना पहिलं काम ‘फ्रीलान्सर’ किंवा ‘कन्सल्टंट’ म्हणूनच मिळतं. व्हिडिओ एडिटिंग, ग्राफिक्स, कोडिंग, कंटेंट... काम रोजचं, मीटिंग सकाळी दहाची, पण पीएफ नाही आणि सॅलरी स्लिपही नाही. तोवर काही बिघडत नाही. बिघडतं शेवटच्या दिवशी. ‘उद्यापासून काम नाही’ असा मेसेज येतो. किंवा तुम्हीच चांगली ऑफर घेऊन निघता आणि समोरून उत्तर येतं, ‘नोटीस पूर्ण केली नाहीस, शेवटचं बिल विसर.’ मग आपण सही केलेली पीडीएफ पहिल्यांदा नीट वाचतो!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र सक्तीचं झालं. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीआधी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, हा जुना नियमही कायम राहिला. पण हे सगळं नोकरीत असलेल्यांसाठी. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ला जागा मिळाली हे खरं, पण ती विम्यासारख्या कल्याणकारी योजनांपुरती. काम काढून घेताना किती दिवस आधी सांगायचं, यावर ती गप्प आहे. कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा करून १४ दिवसांची नोटीस आणि लेखी कारण बंधनकारक केलं, पण तेही ॲपवरच्या कामगारांसाठी. पुण्यात बसून एखाद्या एजन्सीसाठी रील्स एडिट करणाऱ्या तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

मग तुमच्यासाठी कोणता कायदा? १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचा हिशेब साधा आहे. मुख्यतः कागदावर जे ठरलं, ते. म्हणूनच फ्रीलान्सरसाठी नोटीस पिरियड ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही, ती थेट रक्कम आहे. १९९० मध्ये इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वितरकाचा करार चुकीच्या पद्धतीने संपवल्याचं मान्य केलं. पण करार ३० दिवसांच्या नोटिशीवर संपवता येत होता, म्हणून भरपाई मिळाली ती त्या ३० दिवसांच्या कमाईपुरती. आता तुमचा करार उघडा. कंपनीसाठी ‘कधीही, नोटिशीशिवाय’ आणि तुमच्यासाठी ‘६० दिवस’ असं लिहिलंय? म्हणजे काम अचानक गेलं तर तुमच्या हाती फारसं काही नाही, आणि तुम्ही अचानक गेलात तर मात्र ६० दिवसांचा हिशेब.

अर्थात कागदावरचं सगळंच टिकतं असं नाही. ‘मध्येच सोडलंस तर दोन लाख भर’ असं कलम असलं, तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. ‘करार संपल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही’ ही अट कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. आणि नोटीस अपुरी राहिली म्हणून आधी पूर्ण करून दिलेलं काम आपोआप फुकट ठरत नाही.

शिवाय नुसत्या नावावर सगळं ठरत नाही. मिठागरांत काम करणाऱ्या अगरियांना मालक स्वतंत्र कंत्राटदार म्हणत होता. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते कामावर नियंत्रण कोणाचं आहे हे, आणि त्यांना कामगार ठरवलं. तुमची वेळ, जागा, रजा सगळं कंपनीच ठरवत असेल, तर ‘कन्सल्टंट’ हे लेबल शेवटचा शब्द नाही.

पण कोर्टाची पायरी चढायला वेळ आणि पैसा लागतो, आणि पहिल्याच कामाला दोन्ही नसतं. म्हणून खरी लढाई सहीच्या आधी. तीन गोष्टी विचारा, त्याही मेलवर: नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का? अर्धवट राहिलेल्या कामाचे पैसे कसे मोजणार? बिल किती दिवसांत देणार? काम सुरू करण्याआधीच ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद मागायला वेगळी परिषद आहे. थकलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून मेल, चॅट, फाइल पाठवल्याचे पुरावे डिलीट करू नका.

‘फ्रेशर आहेस, एवढं काय विचारतोस?’ असं ऐकावं लागेल. तरी विचारा. समोरचा एक शब्दही बदलायला तयार नसेल आणि कामाची गरज असेल, तर सही करा, पण एक लक्षात ठेवून: हे काम उद्या संपू शकतं. मग बिल महिनाअखेर नाही, दर पंधरवड्याला पाठवा आणि दोन महिन्यांचं भाडं बाजूला काढा. करारात नसलेली नोटीस ती हीच, स्वतःची स्वतःला दिलेली.