नकाशा न देणारा खेळ

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानांतून हल्ली तळहातावर मावणारी छोटी गेम-यंत्रे दिसतात. 'एकात चारशे गेम' असे त्यांच्या खोक्यावर छापलेले असते आणि त्यातले बहुतेक खेळ तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे असतात. जुन्या खेळांच्या या ओढीचे कारण विचारले की 'बालपणीच्या आठवणी' हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खेळ बाजारात आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुले आज तो आवडीने खेळतात. त्यांच्या आठवणींत तो असणे शक्य नाही. म्हणजे ओढीचे निदान काही कारण खेळाच्या रचनेतच असले पाहिजे. ते समजून घेण्यासाठी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे उदाहरण सोयीचे आहे. भारतात अनेकांनी संगणकावर खेळलेल्या पहिल्या काही खेळांपैकी तो एक, आणि पुढे त्याचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो.

हा खेळ 1989 मध्ये अमेरिकेतील ब्रॉडरबंड कंपनीने 'अ‍ॅपल टू' या संगणकासाठी प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी तो डॉसवर, म्हणजे विंडोजपूर्वीच्या पीसीवर आला. गोष्ट साधी आहे. सुलतान परदेशी गेला आहे, वजीर जाफर याने सत्ता बळकावली आहे आणि आपल्याशी लग्न की मरण, या निर्णयासाठी राजकन्येला एक तास दिला आहे. तिचा प्रियकर, म्हणजेच खेळातला राजपुत्र, तळघराच्या कोठडीत आहे. त्या साठ मिनिटांत बारा टप्पे ओलांडून त्याला राजवाड्यात पोहोचवायचे असते.

खेळ रचला जॉर्डन मेकनर या तरुणाने, बहुतांशी एकट्याने, सुमारे चार वर्षे खपून. धावणे, उडी मारणे, कड्याला लोंबकळणे या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने धाकट्या भावाचे व्हिडिओ चित्रण केले आणि ते चौकटीगणिक संगणकात उतरवले. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजीसाठी त्याने 1938 च्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत त्याच्या वडिलांचे होते. चित्रे मात्र आजच्या मानाने अगदीच साधी आहेत. तेव्हा खेळ टिकला तो केवळ देखणेपणावर, असे म्हणता येणार नाही.

पहिल्या टप्प्याची मांडणी पाहिली की त्याचे बळ कशात आहे ते कळू लागते. सुरुवातीला राजपुत्र निःशस्त्र असतो. उजवीकडे बाहेर जाण्याची वाट दिसते, पण तिथे तलवारधारी पहारेकरी उभा असतो. पुढे गेल्यास मरण ठरलेले. तलवार पडलेली असते डावीकडे, तळघराच्या खोल भागात. हे खेळ सांगत नाही. बाण दाखवत नाही, नकाशाही देत नाही. खेळणाऱ्याला मागे फिरावे लागते, खाली उतरावे लागते आणि एकेक खोली पाहत ती तलवार शोधावी लागते.

समोर दिसणारी पण आत जाऊ न देणारी जागा माणसाला ओढते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. 1817 मध्ये अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील लढाई जिथे झाली, त्या टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला शहराच्या मध्यावर आहे. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि 15 ऑगस्ट, 26 जानेवारी अशा मोजक्याच दिवशी सर्वांसाठी उघडतो. त्या दिवशी दारावर लोटणाऱ्या गर्दीत वर्षभर तो किल्ला खालून पाहणारी माणसे असतात. शोधप्रधान खेळाचा पहिला नियम हाच आहे: जागा आधी दिसू द्यायची, वाट नंतर सापडू द्यायची.

दुसरा नियम प्रामाणिकपणाचा. या राजवाड्यात धोके पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची खूण आधी मिळते. सैल फरशी जवळच उडी मारल्यास थरथरते. टोकदार सळ्या जमिनीतून वर येतात, पण पावलागणिक सावकाश चालणाऱ्याला त्या इजा करत नाहीत. काही फरश्यांवर पाय पडला की दार उघडते, काहींवर पडला की बंद होते. औषधाच्या कुप्यांपैकी काही जीव भरून काढतात, काही जीव कमी करतात, आणि त्यांच्या रंगातला फरक नजरेला शिकता येतो. खेळणारा मेला, तर बहुतेक वेळा दोष आपल्या घाईचा होता हे त्याला पटते. म्हणूनच तो चिडून उठून न जाता पुन्हा सुरुवात करतो.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. राजपुत्र मेला की टप्पा पहिल्यापासून सुरू होतो, पण घड्याळ मागे जात नाही. गेलेली मिनिटे गेलीच. आजच्या बऱ्याच खेळांत पात्राचे बळ वाढत जाते: नवी शस्त्रे, नवे अंक, नव्या पातळ्या. इथे राजपुत्राला मिळणाऱ्या वाढीव जीवाचा अपवाद सोडला तर फारसे काही वाढत नाही. वाढते ते खेळणाऱ्याचे ज्ञान. कोणत्या खोलीनंतर कोणती खोली, कुठे धावायचे, कुठे थांबायचे हे त्याच्या डोक्यात साठत जाते. पहिल्या वेळी अर्धा तास खाणारा टप्पा पुढे दोन-तीन मिनिटांत ओलांडता येतो. पात्र तेच असते, खेळणारा शहाणा झालेला असतो.

साधनांच्या टंचाईतून कल्पना कशी निघते, हेही या खेळात दिसते. 'अ‍ॅपल टू' हा संगणक 1977 मधला. 1989 पर्यंत तो जुना झाला होता आणि त्याची स्मृती तुटपुंजी होती. नव्या शत्रूची चित्रे साठवायला जागा उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे गणिती क्रियेने किंचित सरकवून आणि उलटवून एक धूसर आकृती तयार केली. चौथ्या टप्प्यात आरशातून उडी मारली की ही सावली बाहेर पडते आणि पुढे वाटेत अडथळे आणत राहते. शेवटच्या टप्प्यात तिच्याशी लढले तर तिला बसलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. उपाय एकच: तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जाणे. हेही कुठे लिहिलेले नसते. ज्याला ते स्वतः उमगते, त्याच्या ते कायम लक्षात राहते.

ही परंपरा या एका खेळाची नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यात विल क्राउदर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने केंटकीतील मॅमथ केव्ह या गुहाप्रणालीच्या आधारे केवळ शब्दांतून खेळायचा गुहेचा खेळ लिहिला. तो स्वतः गुहांचे नकाशे काढणारा होता. 1986 मध्ये जपानच्या निन्टेन्डोने 'लीजेंड ऑफ झेल्डा' आणि 'मेट्रॉइड' हे खेळ आणले. झेल्डाचे जनक शिगेरू मियामोतो यांनी लहानपणी क्योतो परिसरातील गावाकडे केलेल्या भटकंतीतून आणि तिथे सापडलेल्या गुहेतून त्याची प्रेरणा घेतली होती. तिन्ही ठिकाणी मूळ अनुभव एकच आहे: अनोळखी जागा हळूहळू ओळखीची होणे.

आपल्याकडे हे खेळ आले ते आडवाटेने. निन्टेन्डोचे मूळ यंत्र इथे सहज मिळत नसे. 1990 च्या दशकात घराघरांत पोहोचली ती 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांची, त्याच्या धर्तीवरची यंत्रे. त्यांच्या कॅसेटवर लाखांचे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात थोडेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत आणि त्यांत एका बैठकीत संपणाऱ्या छोट्या खेळांचा भरणा असे. झेल्डासारख्या दीर्घ खेळाला प्रगतीची नोंद राखावी लागते आणि त्यासाठी अमेरिकेत विकल्या गेलेल्या मूळ कॅसेटमध्ये बॅटरी बसवलेली होती. त्यामुळे कॅसेटवर वाढलेल्या आपल्या पिढीला मारिओ आणि कॉन्ट्रा भेटले, झेल्डा क्वचितच भेटला.

ती उणीव संगणकाने भरून काढली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' 1.44 एमबीच्या एकाच फ्लॉपीवर मावत असे आणि साध्यात साध्या पीसीवर चालत असे. संगणक क्लास, शाळांच्या प्रयोगशाळा आणि कार्यालये यांतून त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. यातल्या बहुतेक प्रती परवान्याविना केलेल्या होत्या, हेही मान्य केले पाहिजे. सोबत माहिती-पुस्तिका नसे. त्यामुळे ज्ञान तोंडोतोंडी फिरे. डॉसवर 'प्रिन्स मेगाहिट' असे टाइप करून खेळ सुरू केला की पुढच्या टप्प्यांवर थेट उडी मारता येते, ही क्लृप्ती एकाने दुसऱ्याला सांगावी आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. शोध एकट्याचा राहत नसे, तो मित्रमंडळींचा होई.

आता याच्या शेजारी आजचा मोबाइलवरचा सर्वसाधारण खेळ ठेवून पाहू. तो फुकट मिळतो आणि पुढे कुठे बोट ठेवायचे ते चमकत्या बाणाने सांगतो. रोज उघडल्यास बक्षीस देतो, न उघडल्यास आठवण करतो, आणि अडल्यास पैसे घेऊन वाट मोकळी करतो. याचे कारण रचनाकारांची नावड नाही, उत्पन्नाची पद्धत आहे. विकत घेतलेला खेळ संपला तरी कंपनीचे नुकसान होत नाही. फुकटचा खेळ मात्र संपून चालत नाही. म्हणून खेळणाऱ्याने अडखळून विचार करत बसणे पहिल्याला परवडते, दुसऱ्याला परवडत नाही.

जुने ते सगळेच सोने, असे यातून म्हणायचे नाही. प्रिन्सच्या नियंत्रणाला सरावायला वेळ लागतो आणि उडी एका पावलाने चुकली तरी जीव जातो. राजकन्या जवळजवळ सगळा वेळ वाट पाहत बसते. पौर्वात्य राजवाड्याचे चित्रही पाश्चात्त्य कल्पनेतलेच आहे. तरीही उत्सुकता जागवणे, नियम न मोडणे आणि खेळणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवणे हा त्याचा सांगाडा आजही जुना वाटत नाही. जानेवारी 2024 मध्ये याच मालिकेत आलेला 'द लॉस्ट क्राउन' पुन्हा शोधप्रधान रचनेकडेच वळला, हे त्याचे एक गमक आहे.

मात्र चांगला खेळ आपोआप टिकत नाही. प्रिन्सचा मूळ संगणकीय आराखडा, म्हणजे सोर्स कोड, बराच काळ हरवल्यात जमा होता. 2012 मध्ये मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचे खोके सापडले. जाणकारांच्या मदतीने त्यातला मजकूर वाचवण्यात आला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला. असे भाग्य थोड्याच खेळांना लाभते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या अभ्यासानुसार, त्या देशात 2010 पूर्वी आलेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. त्या देशाची ही स्थिती असेल, तर कॅसेट आणि फ्लॉपींवर जगलेल्या आपल्या शहरांत काय उरले असेल याचा अंदाज करता येतो.

या मालिकेशी महाराष्ट्राचा संबंध केवळ खेळण्यापुरता नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुणे आणि मुंबईत आहेत. 2003 च्या 'सँड्स ऑफ टाइम' या प्रिन्स-मालिकेतील खेळाची नवी आवृत्ती ते करत असल्याची घोषणा सप्टेंबर 2020 मध्ये झाली. पहिल्या झलकीतील चित्रांवर टीका झाली, जानेवारी 2021 चा मुहूर्त टळला आणि मे 2022 मध्ये हे काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. दुसरीकडे, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्येच 'राजी' हा स्वतःच्या कल्पनेचा खेळ प्रसिद्ध केला आणि तो परदेशातही खेळला गेला. खेळ घडवणारी माणसे आपल्याकडे आहेत, एवढे यातून नक्की दिसते.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. राज्यानेही अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंग या क्षेत्रांसाठी धोरण आखले आहे. कोणते खेळ नकोत हे कायद्याने सांगितले. कोणते खेळ हवेत, याचे उत्तर मात्र रचनाकारांनी आणि खेळणाऱ्यांनीच द्यायचे आहे. धोरणातला पैसा केवळ यंत्रे आणि इमारती यांवर न थांबता जुने खेळ जतन करण्यावर आणि त्यांची रचना वर्गात शिकवण्यावरही खर्च व्हावा. सोपा करून दिलेला खेळ लवकर विसरला जातो, स्वतः उलगडलेला खेळ लक्षात राहतो. पालकांनी मुलांसाठी खेळ निवडताना चित्रे किती सुंदर आहेत हे जरूर पाहावे, पण त्याआधी एक गोष्ट तपासावी: हा खेळ मुलाला काही शोधू देतो का?