प्रश्नावली भरणाऱ्यांना प्रश्नही ठरवू द्या



परिचर्या महाविद्यालयांतले एम.एस्सी.चे प्रबंध चाळले की एक साचा हमखास भेटतो : 'निवडक शाळांतील किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयाविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षणाचा परिणाम'. आधी प्रश्नावली, मग तक्ते लावून व्याख्यान, आठवड्याभराने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात, प्रबंध मंजूर होतो. पाठ्यनिर्देशिका असताना मीही असे प्रबंध करवून घेतले आहेत.

अशाच एका पाहणीत नववीतल्या मुलीने विचारले, "सिस्टर, गोळीत लोह असतं ते आम्हाला माहीत आहे. पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, ते या कागदावर कुठे लिहायचं?" कागदावर तशी जागाच नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळांतून दर आठवड्याला द्यायची लोहाची निळी गोळी पोटात न जाता दप्तरात का राहते, हे त्या मुलींनाच ठाऊक असते. आपण मात्र त्यांना लोहयुक्त भाज्यांची नावे विचारतो.

वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलांचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. पण आपण ठरवलेल्या कामाला मुलांनी मान डोलावली, म्हणजे ती भागीदार झाली असे नव्हे.

"मुलांना संशोधनातलं काय कळतं?" असे सहकारी विचारतात. संख्याशास्त्र कळत नसेल. त्यासाठी मार्गदर्शक आहेत. पण कोणता शब्द अडतो, कोणासमोर मुली तोंड उघडणार नाहीत, कोणता प्रश्न राहून गेला, हे त्यांच्याइतके आपल्याला कळत नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४पासून मुलामुलींनाच समवयस्क शिक्षक म्हणून गावात उभे करतो. निरोप पोचवायला ती चालतात, तर प्रश्न ठरवायला का नकोत?

माझी सूचना साधी आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने परिचर्येच्या प्रबंधाच्या आराखड्यात एक रकाना वाढवावा : 'विषय आणि प्रश्नावली ठरवताना कोणत्या वयाच्या मुलांशी चर्चा केली, आणि त्यामुळे काय बदलले?' बैठका शाळेच्या वेळेत, परीक्षा टाळून घ्याव्यात. निष्कर्ष सोप्या मराठीत त्याच वर्गात जाऊन सांगावेत. 'काहीच बदलले नाही' असे ज्या आराखड्याच्या रकान्यात लिहिलेले असेल, तो परत पाठवावा.

— एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सांगली