रोगी उचलणाऱ्यांची लावणी कोण करणार?

मृग जवळ आला की तहसील कचेरीत आपत्तीची बैठक भरते. धोक्याच्या वाड्या कोणत्या, होड्या किती, दोरखंड कोठे ठेवलेत, जेसीबी कोणाचा, पट्टीचे पोहणारे कोण, अशा याद्या होतात. महाड आणि पोलादपूर तालुक्यांना ही बैठक काय कामाची, हे २२ जुलै २०२१ नंतर कोणाला सांगायला नको. त्या एका दिवसात तळियेतली ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर आला, महाड शहर पाण्याखाली गेले. तेव्हा याद्या व्हायलाच हव्यात. पण त्या कागदात आणखी एक रकाना यायला हवा. झपाट्याने लागण होणाऱ्या जीवघेण्या रोगाचा एखादा रोगी वरच्या वाडीत सापडला, तर त्याला खाली कोणी आणायचा, कोणत्या वाटेने आणायचा, आणि आणल्यावर त्या आणणाऱ्यांचे पुढे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. तेथील एका गुहेतली वटवाघळे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये तपासली आणि त्यांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या. २०२१ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. त्यातून माणसाला लागण झाल्याचे त्या अभ्यासात म्हटलेले नाही, म्हणून वटवाघळांच्या मागे काठ्या घेऊन धावू नये. उष्टे फळ खाऊ नये, एवढेच पाळावे. दुसरा रोग गुरांच्या गोचिडीतून येणारा काँगो ताप. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ तो आपल्या देशात पहिल्यांदा ओळखला गेला. तेथे रोगी बाई गेली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही गेल्या. २०२० साली पालघर जिल्ह्यात याच तापाबद्दल प्रशासनाने पशुपालकांना सावध केले होते. गोचीड आपल्या गोठ्यात नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

येथे एक घोटाळा आधीच मिटवलेला बरा. आपल्याकडे पुरानंतर आणि लावणीत लेप्टोचा ताप येतो. तो उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून, पायाच्या जखमेतून शिरतो. माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही. अशा रोग्याला नेताना घाबरायचे काही कारण नाही, उशीर मात्र अजिबात करू नये. सगळ्याच तापांना एका मापाने मोजले, तर लेप्टोचा रोगी भीतीपोटी घरीच राहील आणि जिवास मुकेल. म्हणून कोणता रोगी साधा न्यायचा आणि कोणता बंदोबस्तात, हे ठरवणे वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम. ते त्यांनी फोनवर, रोगी हलवण्याआधी ठरवावे.

रोगी हलवण्यात चूक झाली तर काय होते, हे केरळने मे २०१८ मध्ये पाहिले. कोझिकोड जिल्ह्यात निपाह आला. शास्त्रज्ञांनी नंतर माग काढला तेव्हा दिसले, की पहिल्या रोग्याकडून बहुतेकांना लागण झाली ती दवाखान्यात. तालुक्याच्या रुग्णालयातून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले, तेथे सीटी स्कॅनसाठी हलवले, आणि त्या खोलीबाहेरच्या बोळात बसलेल्यांनाही रोग लागला. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी २१ मे रोजी गेल्या. रोग्याला कोणत्या दाराने आत घ्यायचे, एवढी साधी गोष्ट आधी ठरलेली असती तर काही जीव वाचले असते. आफ्रिकेत लायबेरियात २०१४ साली इबोलाची साथ आली, तेव्हा रुग्णवाहिका मिळेना म्हणून लोकांनी रोगी भाड्याच्या टॅक्सीत घातले आणि रोग टॅक्सीबरोबर शहरभर फिरला. आपल्याकडे टॅक्सीच्या जागी सहा आसनी रिक्षा नाहीतर टेम्पो धरा.

यावर उपाय म्हणजे रंगीत तालीम. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राजस्थानात अजमेर जिल्ह्यात केंद्र सरकारने 'विषाणू युद्ध अभ्यास' नावाची मोठी तालीम घेतली. उंटाकडून माणसाला रोग झाला असे धरून चालले, आणि माणसांचे दवाखाने, गुरांचे दवाखाने, प्रयोगशाळा सगळ्यांना एकदम कामाला लावले. त्याआधी कोविडच्या निमित्ताने २७ डिसेंबर २०२२ ला आणि १०-११ एप्रिल २०२३ ला देशभर रुग्णालयांत तालमी झाल्या. खाटा, प्राणवायू, औषधे तपासली गेली. चांगलेच झाले. पण त्या तालमी बहुतांशी रुग्णालयाच्या फाटकाच्या आतल्या होत्या, आणि आपली अडचण फाटकाच्या अलीकडची आहे.

१०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येईल. महाडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या वर आहे. तो प्रवास लांबचा असला तरी गाडीत डॉक्टर असतो. खरा पेच वाडी ते डांबर या मधल्या पट्ट्यात आहे. तेथे अजूनही काही वाड्यांतून बांबूला चादर बांधून, डोली करून माणूस खाली आणतात. डोक्याकडचा गडी रोग्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो, खोकला सगळा त्याच्या अंगावर. पाऊस असला तर रोग्याला मेणकापडात गुंडाळतात. त्यात त्याला श्वास घेता येतो की नाही, हे कोण पाहतो?

म्हणून तालीम वाडीतून सुरू करावी. आधी पंचायत समितीच्या सभागृहात नकाशा पसरून अर्धा दिवस कागदी तालीम घ्यावी. तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी, पोलीस, १०८ चे लोक, सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर, सगळे समोरासमोर. पहिला फोन कोण करणार? तो लागला नाही तर? वाटेतला साकव गेला असेल तर? पुढच्या रुग्णालयाने हो म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मग ते हो म्हणायला किती वेळ लावतात? हे प्रश्न खोलीत बसून सुटतात, आणि पैसाही लागत नाही.

मग एक दिवस खरोखरची तालीम. एक धडधाकट गडी रोगी म्हणून झोपवा आणि त्याच्या हातातोंडाला पाण्यात कालवलेली नीळ लावा. विलायतेत अशा वेळी दिव्याखाली चमकणारे द्रव वापरतात, आपल्याला नीळ पुरे. त्याला डोलीतून खाली आणा, गाडीत घाला, दवाखान्यात उतरवा. शेवटी नीळ कोणाकोणाच्या हाताला, कपड्याला, गाडीच्या कडीला लागली ते पाहा. दहा व्याख्यानांनी जे कळणार नाही ते तेवढ्याने कळेल. आणखीही कळेल. किटबरोबर येणारे प्लॅस्टिकचे पायमोजे चिखलाच्या उतारावर घसरतात, तेथे गमबूटच हवेत. पूर्ण किट घालून उन्हात अर्धा तास ओझे वाहिले की माणसाला भोवळ येते, म्हणून बदली जोडी लागते. गाडीच्या खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर आतलीच हवा आत फिरते.

किट उतरवणे हा सर्वांत धोक्याचा क्षण. आपल्या शेतकऱ्याला हे समजावणे कठीण नाही. कीटकनाशक फवारल्यावर हातमोजे आधी बाहेरून धुवायचे, तोंडाला हात लावायचा नाही, कपडे वेगळे धुवायचे, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. येथेही रीत तीच, फक्त समोर दुसरा माणूस उभा राहून क्रम सांगणारा हवा. गाडी आणि डोलीचा बांबू १ टक्का सोडियम हायपोक्लोराईटने पुसावा, आणि चादर पिशवीत बांधून दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर द्यावी. मात्र ते द्रावण पंपात भरून माणसांवर मारू नये. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतलेल्या मजुरांवर असे फवारले गेले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याला माणसांवर फवारणी नको असे स्पष्ट सांगावे लागले. पंप शेतात बरा.

आता मूळ मुद्दा, ज्याकडे आरोग्य खात्याच्या कागदांत जागा अपुरी असते. रोगी पोहोचला, उचलणारे चार जण मात्र घरी जाऊ शकत नाहीत. निपाहसारख्या रोगात संपर्कातल्या माणसांवर २१ दिवस लक्ष ठेवतात. जुलै महिना आहे असे धरा. हळव्या भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावावे लागते. रोप तयार असताना घरचा कर्ता गडी शाळेच्या खोलीत अडकला, तर बाहेर येईपर्यंत रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे होते. मग ते लावले तरी फुटवा येत नाही, आणि पीक निम्म्यावर आले तर नवल नाही. घरात म्हैस असली तर धार कोण काढणार, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो. हे ज्याला कळते तो डोलीला खांदा देईल का? आणि घरचा माणूस तापला तर घरचे लोक तरी सांगतील का? १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांना सक्तीने नेऊ लागले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले होते. त्याच वर्षी सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण दरवेळी कोणी सावित्रीबाई होईल या भरवशावर सरकारने बसू नये.

२०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत ठेवले, आणि ३ जूनला निसर्ग वादळ रायगडावर आदळले. साथ आणि आपत्ती एकमेकींना विचारून येत नाहीत, हे तेव्हा पाहून झाले. कोणाच्या लावणीला कोण जाणार, हे ठरवण्याची सवय आपल्या गावांना आहेच. ती या कामाला जोडायची आहे. ग्रामसभेने ठराव करावा की रोगी उचलून विलगीकरणात गेलेल्याची लावणी गाव करील, त्याची मजुरी ग्रामपंचायतीकडून मिळेल की श्रमदानाने होईल तेही त्यात लिहावे. कृषी खात्याच्या लोकांनी अशा घरांसाठी थोडे जादा रोप कोठे मिळेल, याची नोंद ठेवावी. दापोग पद्धतीने उशिरा टाकलेला एखादा वाफा गावात असला तर तोही उपयोगी पडतो.

यंदाच्या बैठकीत पोहणाऱ्यांच्या यादीखाली प्रत्येक वाडीची आणखी एक यादी जोडावी: डोली उचलणारे चार, त्यांच्या बदलीचे चार, त्यांची लावणी करणारे चार, आणि म्हशीची धार काढणारी एक व्यक्ती. सगळे नावानिशी, फोन नंबरासह, आणि ज्याचे नाव आहे त्याला विचारून.