शहाण्याने पायरी चढावी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. म्हणी लोकांच्या अनुभवातून तयार होतात. म्हणून ही म्हण खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पिढ्यान् पिढ्या चाललेले जमिनीचे दावे, वकिलांची फी आणि एकामागून एक पडणाऱ्या तारखा ज्यांनी सोसल्या, त्यांच्याच तोंडून ती निघाली असणार. परंतु या म्हणीचा एक दुष्परिणाम झाला आहे. ज्याची काडीइतकीही चूक नाही असा माणूससुद्धा कोर्टाचे नाव निघताच दचकतो आणि न केलेल्या गुन्ह्याचा दंड मुकाट्याने भरून घरी येतो. वर पुन्हा या भित्रेपणालाच आपण ‘व्यवहार’ असे गोंडस नाव देतो. मोटारीच्या विम्याच्या एका साध्या प्रकरणावरून हा प्रश्न विद्यार्थी मित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रकरण माझ्या काकांचे आहे. त्यांचे लहानसे दुकान आहे. २०२२ च्या दिवाळीत त्यांनी के.ए. २२ क्रमांकाची नवी मोटार घेतली. गाडीबरोबर विम्याचा जो कागद मिळाला, त्यावर दोन मुदती छापलेल्या होत्या. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा, म्हणजे २०२३ पर्यंत. आणि तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा, म्हणजे २०२५ पर्यंत. पहिला विमा काकांनी पुढे चालू ठेवला नाही. गाडीला पोचा आला तर आपण आपल्या खिशातून काढू, असा त्यांचा हिशेब. २०२४ मध्ये गावाबाहेरच्या एका नाक्यावर तपासणीसाठी गाडी अडवली गेली. काकांनी कागद पुढे केला. पोलिसाने वरची तारीख वाचली, खालची वाचली नाही, आणि विमा नसल्याबद्दल २,००० रुपयांचे चलन फाडले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ प्रमाणे सक्ती आहे ती तृतीय पक्षाच्या विम्याची. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर त्या बिचाऱ्याची भरपाई बुडू नये, हा तिच्यामागचा उद्देश. ही सक्ती आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून आहे, आणि ती योग्यच आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यायचा की नाही, हा मात्र मालकाच्या खुशीचा मामला. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. तेव्हापासून एका कागदावर दोन मुदती येऊ लागल्या. नियम चांगला, पण दोन तारखांपैकी कायद्याला कोणती हवी हे कागद पाहणाऱ्याला ठाऊक नसेल, तर चांगल्या नियमातूनच असा घोटाळा निर्माण होतो.

गंमत अशी की, कागद घरी विसरलेल्या माणसाशी हा कायदा फार समजूतदारपणे वागतो. कलम १५८ मध्ये सोय आहे की, मागणी झाली तेव्हा विम्याचे प्रमाणपत्र जवळ नसले, तरी सात दिवसांच्या आत ते पोलीस ठाण्यात आणून दाखवल्यास, केवळ जागेवर दाखवले नाही म्हणून शिक्षा होत नाही. (वाहतुकीच्या गाड्यांच्या चालकांना ही सवलत सरसकट नाही.) म्हणजे विसराळू माणसाला सात दिवसांची मुदत, आणि ज्याने कागद तिथल्या तिथे हातात दिला त्याला २,००० रुपयांचे चलन!

काका चलन घेऊन घरी आले तेव्हा घरात एकमताने ठरले होते की पैसे भरून टाकावे. “नाद सोड की रे. दोन हजार टाकायचे आणि मोकळं व्हायचं. दुकान बंद ठेवून कोर्टात कोण बसतंय?” असे काकाच म्हणाले. बहुतेक घरांत हेच संभाषण होत असेल. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला ते पटेना. शेवटी आम्ही अर्ज लिहिला. विमा कंपनीच्या कचेरीत दोन हेलपाटे घालून, अमुक क्रमांकाच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा अमुक दिवशी चालू होता, असे लेखी पत्र मिळवले. पोलीस ठाण्यात गेलो, तर प्रकरण कोर्टाकडे गेले असे कळले. कोर्टात पहिल्या दिवशी कागदपत्रे आलेली नव्हती; दुसरी तारीख पडली. त्या तारखेला न्यायाधीशांनी कागद हातात घेतला, दोन्ही मुदती वाचल्या, कंपनीचे पत्र पाहिले आणि प्रकरण निकाली काढले. त्याला एक मिनिटही लागले नसेल. दंड शून्य.

निकाल आमच्या बाजूने लागला. तरीही हिशेब मांडला तर काय दिसते? दोन दिवस दुकान बंद, रिक्षाभाडे, झेरॉक्स, कंपनीच्या कचेरीत गेलेल्या दोन सकाळी. हे सारे दंडाच्या रकमेच्या आसपास जाते. चूक एकाची आणि खर्च दुसऱ्याच्या नावे! काकांचे म्हणणे निव्वळ रुपयांच्या हिशेबात अगदीच चूक नव्हते, हे मान्य केले पाहिजे. मग भरून टाकणेच शहाणपणाचे नव्हते काय?

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी आमच्याच विषयातून देतो. हिशेबशास्त्रात ‘चुकांची दुरुस्ती’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटात टाकता येते. पण ती तात्पुरती. चूक शोधून, उलट नोंद करून ते खाते बंद करावे लागते. चुकीचा दंड भरून मोकळे होणे म्हणजे फरक कायमचा सस्पेन्समध्ये टाकून वही मिटणे. बेरीज जुळल्यासारखी दिसते, चूक वहीत तशीच राहते. आणि ती निरुपद्रवी राहत नाही. कोर्टाने सुचवलेला दंड भरणे याचा अर्थ गुन्हा कबूल करणे. कलम १९६ प्रमाणे विमा नसल्याच्या पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. पुन्हा तोच गुन्हा घडला तर दंड ४,००० रुपये. आज ‘मोकळे’ होण्यासाठी भरलेले पैसे उद्या आपल्याला जुना गुन्हेगार ठरवू शकतात.

दुसरे असे की, भरलेल्या प्रत्येक चुकीच्या दंडामुळे चूक करणारी यंत्रणा आपण बरोबर आहोत असे समजत राहते. शंभरांनी निमूटपणे पैसे भरले, तर सरकारी दप्तरात शंभर गुन्हे सिद्ध झालेले दिसतात. वाचण्यात चूक होते आहे हे वरच्या अधिकाऱ्यांना कळणार तरी कसे? आमच्या राज्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये, थकलेल्या ई-चलनांवर निम्मी सूट देण्यात आली. लोकांनी ती आनंदाने घेतली. दोषी माणसाला निम्म्यात सुटका म्हणजे लाभच. पण निर्दोष माणसाला निम्मी सूट म्हणजे काय? जे देणेच नव्हते त्यातले अर्धे दिले, आणि स्वस्तात सुटलो म्हणून पेढे वाटले! दुकानातल्या सवलतीच्या पाट्या पाहून नको असलेला माल घरी आणावा, त्यातलाच हा प्रकार.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विमा न उतरवता गाड्या हाकणारे लोक आहेतच. अशा गाडीखाली एखादा मजूर सापडला तर त्याच्या घरच्यांचे हाल कुत्रा खात नाही. त्यामुळे पोलिसांनी तपासणी केलीच पाहिजे, आणि विमा आहे हे दाखवण्याची जबाबदारी गाडीवाल्यावरच असली पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्यात याचे सुंदर उदाहरण होते: विनातिकीट प्रवासाचा आरोप असलेल्याने तिकीट होते हे स्वतः सिद्ध करावे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तत्त्व तेच आहे. मला ते मान्य आहे. परंतु तिकीट दाखवल्यावर त्यावरची तारीख नीट वाचणे हे तपासनिसाचे काम नव्हे काय? कागद दाखवणे हे आपले कर्तव्य. तो वाचणे हे त्यांचे. आपण आपले कर्तव्य केल्यानंतर त्यांच्या कर्तव्यातील उणीव आपण आपल्या पैशाने का भरून काढावी?

त्या पोलिसाला मात्र मी खलनायक करणार नाही. दिवसभर उन्हात आणि धुरात उभे राहून शेकडो कागद पाहायचे, हे सोपे नाही. आणि कागदाची भाषा? पॉलिसी इंग्रजीत. पोलीस कन्नड माध्यमात शिकलेला. काका मराठी माध्यमात शिकलेले. एका इंग्रजी कागदावरून दोघांचा वाद झाला, आणि तो कागद दोघांपैकी कोणाच्याच भाषेत नव्हता! पुढे जी नोटीस आली ती कन्नडमध्ये. ती मी काकांना वाचून दाखवली. ज्या घरात दोन्ही लिप्या वाचणारे पोर नाही, त्या घराने काय करावे? सीमाभागात भाषेवरून बोलू लागले की आवाज चढतात. माझे म्हणणे साधे आहे. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांचे आणि मराठी विभागाच्या वाचकांचे दुःख येथे एकच आहे. विमा कंपन्यांनी कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एकच ओळ कन्नड आणि मराठीत छापावी: ‘कायद्याने सक्तीचा विमा अमुक तारखेपर्यंत चालू.’ एवढ्याने निम्मे तंटे नाक्यावरच मिटतील. तसेच राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे, आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अर्ज लिहिता येत नाही म्हणून दंड भरला, असे कोणावर येऊ नये.

आणखी काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरपासून गाडीचे कागद मोबाईलमध्ये, सरकारी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवलेले चालतात. १ ऑक्टोबर २०२० पासून तर, यंत्रावर नोंद तपासून खरी निघाल्यास मूळ कागद मागू नये असा नियम आहे. तेव्हा वाद झाल्यास गाडीचा क्रमांक घालून नोंद पाहण्याची नम्र विनंती करावी. आवाज चढवू नये. चलन मिळालेच तर त्यावरचा गाडीचा क्रमांक, तारीख आणि कलम त्याच दिवशी तपासावे. विमा कंपनीकडून लेखी पत्र घ्यावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक आणि इतर काहींना तेथे मोफत मदत मिळते.

शेवटी आपल्या कॉलेजपुढे एक सूचना ठेवतो. आमच्या वर्गात विम्याची तत्त्वे शिकवली जातात, परीक्षेत ती आम्ही लिहितो आणि गुणही मिळवतो. परंतु खरी पॉलिसी हातात धरून वाचलेले विद्यार्थी वर्गात किती असतील? वाणिज्य मंडळाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेने मिळून महिन्यातून एक दिवस कॉलेजच्या फाटकाशी टेबल मांडावे. आसपासच्या लोकांनी आपले कागद घेऊन यावे: विम्याची पॉलिसी, चलन, नोटीस, बँकेचे पत्र. कन्नड जाणणारा एक आणि मराठी जाणणारा एक विद्यार्थी शेजारी बसून ते वाचून सांगेल आणि लागल्यास अर्ज लिहून देईल. याला खर्च नाही, मंडप नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. ज्याची खरोखर चूक आहे त्याला आम्ही दंड भरायलाच सांगू. ज्याची चूक नाही त्याला मात्र, हातात नीट लावलेले कागद देऊन, पायरी चढायला सांगू.

— बी. कॉम., तृतीय वर्ष